गुडघ्याचं माप

वाऱ्याला अक्कल नसते म्हणतात. त्या वर्षीच्या वाऱ्याला मात्र थोडी असावी, फक्त ती उलट्या दिशेनं चालत होती. उन्हाळ्याच्या शेवटी एका कोरड्या दुपारी तो आला. दारूवाल्याचं चार खिळ्यांवर उभं असलेलं पत्र्याचं दुकान त्यानं जागच्या जागी ठेवलं, आणि चर्चच्या आवारातली सत्तर वर्षांची निलगिरी मुळासकट उचलून चर्चच्या छपरावर आडवी केली. माणूस कुणी दगावला नाही. कौलं गेली, एक खिडकी गेली, आणि वेदीपुढची गुडघे टेकायची लांब फळी मधोमध मोडली.

फळी मोडल्याचं ऐकून गावातल्या म्हाताऱ्यांनी हळहळ व्यक्त केली, पण ती जरा घाईघाईनं. त्या फळीवर गुडघे टेकले की प्रार्थना आपोआप आटोपशीर होत असे. सहा इंच उंच, सपाट आणि धोंड्यासारखी कडक. सुतारानं ती स्वतःच्या मापानं केली होती आणि सुतार होता ताडमाड.

त्या सुताराला जाऊन सहा वर्षं झाली होती. मागे दोन मुलगे. दोघंही सुतार, आणि दोघांत गेली चार वर्षं अबोला.

पाळकसाहेबांनी धाकट्याला बोलावलं. त्याला गाव ‘गुण्या’ म्हणे. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. हा माणूस कुणाच्या घरी पाहुणा गेला तरी चहा पिण्याआधी दाराची चौकट तिरकी आहे हे सांगून मोकळा व्हायचा, म्हणून ते नाव.

‘‘नऊ माणसं एका ओळीत मावली पाहिजेत,’’ पाळकसाहेब म्हणाले. ‘‘बारा फूट. दोन तुकडे जोडून केलीस तरी चालेल.’’

‘‘चालणार नाही,’’ गुण्या म्हणाला. ‘‘बाबा म्हणायचे, गुडघ्याखाली जोड नको. जोडात चिमटा बसतो. मग माणूस देवाऐवजी सुताराचं नाव घेतो.’’

‘‘मग पडलेलं झाड घेऊन जा. आणि हे बघ, या वेळी माप माणसांचं घे. तुझ्या बाबांचं नको.’’

‘‘गुडघ्याचं माप कसं घ्यायचं?’’

‘‘टेकून,’’ पाळकसाहेब म्हणाले. ‘‘पंधरा मिनिटं. तेवढी तर माझी मोठी प्रार्थना असते.’’

बैलगाडीनं ओंडका गुण्याच्या अंगणात आणून टाकला. झाडाचा कामाचा सरळ भाग तेवढाच निघाला: बारा फुटांवर बोटभर जास्त. निलगिरीचं लाकूड हे तापट सासऱ्यासारखं: ओलं, नरम आहे तोवर काय ते बोलून घ्यावं. ओलं चिरलं तर फळ्या निघतात, त्या सावलीत वजनाखाली दाबून काही महिने वाळवता येतात. तसंच पडू दिलं तर टोकांकडून तडे आत सरकतात, आणि शेवटी उरतं ते चुलीपुरतं. गुण्यानं दोन्ही टोकांना उरलासुरला रंग फासला. तिसऱ्या दिवशी रंगातूनही केसाएवढा तडा डोकावला. त्यानं पेन्सिलीनं तड्याच्या टोकावर खूण केली आणि तारीख घातली.

असा ओंडका उभा चिरायला दोन माणसांची मोठी करवत लागते. ओंडका उंच लाकडी घोड्यांवर चढवायचा, एक माणूस वर उभा, एक खाली. वरचा रेघ बघतो, खालचा भुसा खातो. बाबांच्या हयातीत थोरला वर असायचा आणि गुण्या खाली. बाबा गेल्यावर दोन वर्षांनी, एका भर उन्हाळ्याच्या सकाळी, गुण्यानं डोळ्यांतला भुसा पुसत विचारलं होतं, ‘‘दादा, आज मी वर?’’ थोरला म्हणाला होता, ‘‘आधी रेघ सरळ बघायला शीक.’’ गुण्याला! ज्याचं नावच गुण्या!

त्या दिवशी ओंडका अर्धाच राहिला. संध्याकाळपर्यंत हत्यारांच्या वाटण्या झाल्या. रंधे, पटाश्या, कानशी वाटता आल्या. करवत एकच होती. तिचं पातं थोरल्यानं घेतलं. तेव्हा गुण्यानं पुढे होऊन आपल्या बाजूची लाकडी मूठ खीळ काढून सोडवली आणि काखेत मारून घरी आला. तेव्हापासून एका घरात पातं आणि एक मूठ, दुसऱ्या घरात दुसरी मूठ. दोन्ही घरं सुतारांची, आणि दोन्हींत मिळून करवत एकही नाही.

‘‘मी धरते एक बाजू,’’ बायको म्हणाली. ‘‘आपल्या लहान करवतीनं बघू.’’

बघितलं. तिनं पदर खोचला, त्यानं रेघ मारली. सकाळभर घासून चार बोटं काप गेला, आणि तोही रेघ सोडून बाहेरच्या बाजूला, रस्ता चुकलेल्या बकरीसारखा. त्यातच पाववाली आजी डोक्यावर टोपली घेऊन फाटकात थांबली.

‘‘लाकूड चिरताय का ओरखडताय?’’

‘‘अहो आजी, तुम्ही पाव विका,’’ बायको धापा टाकत म्हणाली.

आजी गेल्यावर तिनं करवत खाली ठेवली. तळहातावर दोन फोड आले होते. ‘‘हे लाकूड कुठल्या करवतीनं चिरेल ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही आहे. उगाच माझे हात कशाला झिजवता?’’

‘‘आधी माप घेतो,’’ गुण्या म्हणाला. काम अडलं की माणूस दुसरं काम शोधतो; कष्टाळू माणसाचा आळस असाच असतो.

त्यानं जुन्या फळकुटांचे चार नमुने केले. दोन इंच, चार इंच, सहा इंच, आणि एक चार इंचांचाच, पण पुढे किंचित उतरता. कारखाना म्हणजे घराची पुढची पडवी, दार रस्त्यावर सताड उघडं. त्यानं घड्याळ खिळ्याला टांगलं आणि पहिल्या नमुन्यावर गुडघे टेकले.

पंधरा मिनिटं ही गुडघ्यांवर फार लांब असतात. रंधा मारताना पंधरा मिनिटांत एक फळी गुळगुळीत होते. इथं काहीच होत नाही. पहिल्या मिनिटात त्यानं पडवीच्या वाशांकडे बघितलं. तिसरा वासा तिरका होता. दुसऱ्या मिनिटात त्याला वाटलं, हात कुठं ठेवायचे? लोंबकळते ठेवले तर विचित्र दिसतात. त्यानं ते जोडले. हात जोडल्यावर मान आपोआप खाली गेली. शरीराला त्याच्या सवयी असतात.

मान खाली गेल्यावर आता काहीतरी म्हणायला हवं, अशी पंचाईत झाली.

चर्चमध्ये ही पंचाईत कधी आली नव्हती. तिथं पुस्तक होतं. ‘आम्ही पापी आहोत’ असं सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. त्या ‘आम्ही’त मोठा आधार होता, नव्वद माणसांत वाटलं की एकेकाच्या वाट्याला पाप असं कितीसं येणार? इथं पडवीत तो एकटा. ‘आम्ही’ म्हणायची सोय नव्हती.

‘‘देवा,’’ तो शेवटी हळूच म्हणाला, ‘‘मी सुतार. दोन इंची नमुना. उजव्या गुडघ्याला बरं आहे, पण पायाची बोटं मुडपतात.’’

तिकडून काही उत्तर आलं नाही, पण गिऱ्हाईक माप ऐकून घेतं तशी शांतता होती. त्यानं चौथ्या मिनिटाला पोटरीची कळ सांगितली, नवव्या मिनिटाला कंबरेची. पंधरा मिनिटं संपली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण सबंध वेळ कुणाशी तरी बोलत होतो, आणि त्या कुणीतरीनं एकदाही मधे तोंड घातलं नाही. घरात ही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी चार इंच. तिसऱ्या दिवशी सहा. दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी, कारण बायको म्हणाली गुडघे सकाळचे वेगळे आणि दुपारचे वेगळे.

चौथ्या दिवशी गावात बातमी पसरली की गुण्या सुतार देवाला लागला. पसरवणारीच्या डोक्यावर टोपली होती आणि ती रोज साठ दारं करायची.

आधी पोस्टमन आला. सायकल भिंतीला टेकवून, टोपी काढून, पडवीच्या बाहेर उभा राहिला. गुण्याची पंधरा मिनिटं झाल्यावर म्हणाला, ‘‘माझ्या बदलीचं जरा घाला ना कानावर.’’

‘‘अहो, मी माप घेतोय.’’

‘‘हो हो,’’ पोस्टमन समजुतीनं हसला. ‘‘खरी माणसं असंच म्हणतात.’’

मग दूधवाला आला, त्याची गाय आटली होती. मग पाववाली आजी स्वतःच आली आणि आपला डावा गुडघा तपशीलवार दाखवला. गुण्यानं प्रत्येकाला सांगितलं की हे फळीचं काम आहे. जितकं सांगावं तितका त्याचा विनय गावात वाढत गेला.

‘‘लोक फसतायत,’’ तो जेवताना बायकोला म्हणाला.

‘‘मग फसवू नका. टेकलेलेच असता, तर म्हणा की तेवढं. जीभ रिकामीच आहे.’’

सरळ माणूस होता. पाचव्या दिवशी त्यानं चार इंची उतरत्या नमुन्यावर गुडघे टेकले आणि म्हणाला, ‘‘देवा, पोस्टमनला बदली हवी. दूधवाल्याची गाय आटली. आजीचा गुडघा डावा. आता माझं.’’ आणि ‘माझं’ म्हटल्यावर तो थांबला. त्याचं स्वतःचं असं काय होतं?

बरंच होतं म्हणायचं. बाबांच्या वासाची आठवण येते, ओल्या लाकडाचा वास आला की. तयार दारं शहरातून येतात, तेव्हा आपण कशाला आहोत असं वाटतं. बायकोच्या तळहाताला फोड आले ते आपल्यामुळे. एकेक गोष्ट तो सांगत गेला, आणि त्याला नवल वाटलं की या गोष्टी आपल्याला माहीत होत्या. पंधरा मिनिटं होऊन गेली. घड्याळाकडे त्याचं लक्ष गेलं तेव्हा पंचवीस झाली होती आणि उतरत्या नमुन्यावर गुडघा दुखत नव्हता.

माप ठरलं. काम संपलं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा टेकला.

‘‘अजून मोजताय?’’ बायकोनं विचारलं.

‘‘खात्री करतोय.’’

आठव्या दिवशी पाळकसाहेब आले. त्यांनी उतरता नमुना हातात घेऊन पाहिला. ‘‘असं ऐकलं, तू इथं प्रार्थना करतोस.’’

‘‘मापं सांगतो, साहेब. बाकी इकडचं तिकडचं.’’

‘‘मी पंधरा वर्षं त्याला पुस्तकातून वाचून दाखवतोय,’’ पाळकसाहेब म्हणाले. ‘‘थोडं इकडचं तिकडचं त्यालाही बरं वाटत असेल.’’ मग दाराशी थांबून, ‘‘आणि लाकूड?’’

लाकूड अंगणात होतं. तड्यावर पेन्सिलीच्या सहा खुणा झाल्या होत्या, एकीपुढे एक. आणखी आठवडाभरात बारा फुटांचा सलग तुकडा त्यात उरणार नव्हता.

त्या दुपारी टेकल्यावर त्यानं देवाला सगळं सांगितलं, फक्त एक सोडून. लाकडात गाठ आली की नवशिका सुतार रंधा तिच्या अलीकडून वळवतो. दिसायला काम गुळगुळीत दिसतं, हात फिरवला की कळतं. गुण्याही आठ दिवस एका गोष्टीच्या अलीकडून वळत होता. ती करवतीची नव्हती. करवतीबद्दल त्यानं देवाकडे दोनदा तक्रार केली होती, चांगली सविस्तर, थोरल्याच्या शब्दांची नक्कल करून. त्या दोन्ही वेळा तिकडची शांतता जरा वेगळी वाटली होती. काम पसंत नसलं की काही गिऱ्हाइकं भांडत नाहीत. नुसती फळीकडे बघत राहतात. मग आपणच खाली बघतो.

त्यानं खाली बघितलं.

‘‘देवा,’’ तो म्हणाला, ‘‘दादा गोठ्याच्या छपरावरून पडला. दोन वर्षं झाली. गुडघा गेला त्याचा. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी गेलो नाही.’’

एवढंच. रस्त्यावरून गाडी गेली, कुत्रं भुंकलं, घड्याळ चालत राहिलं. भुशात दोन थेंब पडले आणि लगेच मुरले. भुसा त्या बाबतीत चांगला. गंमत म्हणजे छातीत दोन वर्षं अडकलेली मेख निघाली तरी आभाळ कोसळलं नाही. उलट, कुणीतरी हात फिरवून म्हणावं, हं, आता लागतोय रंधा, असं काहीतरी वाटलं.

तो उठला, आत गेला, फडताळातून करवतीची मूठ काढली आणि काखेत मारली.

‘‘कुठं?’’ बायको म्हणाली.

‘‘दादाकडे.’’

‘‘मग रिकाम्या हातानं जाऊ नका. ही साखर न्या. वहिनींकडून परवा वाटीभर आणली होती.’’

‘‘परवा?’’

‘‘बुधवारी मी जाते,’’ बायको भांडं विसळत म्हणाली. ‘‘चार वर्षं जाते. अबोला तुमचा, आमचा कशाला?’’

थोरल्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. एका हातात साखरेची वाटी, काखेत मूठ, असा गुण्या भर बाजारातून चालला. गावाला काय ते बरोबर कळलं. न्हाव्यानं वस्तरा थांबवला. पाववाली आजी म्हणाली, ‘‘सांभाळून रे, साखर सांडशील,’’ आणि डोळे पुसले. तिचे पाव त्या दिवशी उशिरा पोचले.

वाटभर तो एकच वाक्य घोटत होता: दादा, मी खाली उभा राहतो. सहा शब्दही नाहीत, पण प्रत्येक शब्दाला कंगोरे होते.

थोरला ओट्यावर पाय लांब करून बसला होता. दाढी पांढरी झालेली. गुण्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्यामागे भिंतीला करवतीचं पातं टांगलेलं, तेलानं चकचकीत, एका बाजूला मूठ, दुसऱ्या बाजूला नुसतं भोक.

थोरल्यानं आधी वाटीकडे बघितलं, मग काखेकडे.

‘‘वाळवी नाही ना लागली?’’

‘‘तेल देत होतो. दर महिन्याला.’’

‘‘हं. मी पण.’’

‘‘दादा,’’ गुण्या म्हणाला, ‘‘तू पडलास तेव्हा मी आलो नाही.’’

थोरल्यानं लांब केलेला पाय हातानं जवळ ओढला. मग म्हणाला, ‘‘माहीत आहे. पहिले आठ दिवस खाट दाराकडे तोंड करून टाकली होती. मग भिंतीकडे केली.’’ त्यानं नाक पुसलं. ‘‘भिंतीचा गिलावा वाईट आहे. तू आला असतास तर बोलला असतास.’’

‘‘ओळंब्यात नाहीच आहे ती भिंत,’’ गुण्या म्हणाला, आणि त्यानं साखरेची वाटी ओट्यावर ठेवली.

वहिनीनं आतून दोन कप चहा आणून मधे ठेवला. चहा होईतो ती दाराआड उभी होती, हे कुणाला सांगायला नको.

‘‘मी खाली उभा राहतो,’’ गुण्यानं शेवटी वाक्य बाहेर काढलं.

‘‘नाही.’’

‘‘नाही म्हणजे?’’

‘‘खाली मी.’’

‘‘मी म्हणतोय ना, मी खाली!’’

‘‘अरे, तुला ऐकायला येत नाही का? खाली मी!’’

‘‘तू लहानपणापासून हेच! मी म्हणेन त्याच्या उलट!’’

‘‘झालं,’’ वहिनी म्हणाली. ‘‘आता मूठ घेऊन परत जा, आणि भेटा चार वर्षांनी.’’

थोरल्यानं पाय चोळला आणि भिंतीकडे बघत पुटपुटला, ‘‘मला वर चढवत नाही. उभं राहता येतं. चढता येत नाही.’’ गुण्याला आठवलं की थोरला दोन वर्षं चर्चमध्येही दिसला नव्हता. सगळे टेकतात तेव्हा एकट्यानं ताठ बसून राहायचं, म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा माणसांनी ओंडका घोड्यांवर चढवला. मूठ भोकात बसली, खीळ ठोकली, करवत एक झाली. गुण्या वर चढला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिथून खाली बघितलं. खाली थोरला, डोक्याला फडकं बांधून, डोळे बारीक करून.

‘‘ओढ,’’ थोरला म्हणाला. ‘‘आणि ढकलू नकोस. आपली पाळी झाली की सोडून द्यायचं.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘माहीत आहे, पण ढकलतोयस.’’

ढकलत होता खरा. लहानपणी शंभरदा ऐकलेलं त्याला आज कळलं: आपलं तेवढं ओढायचं आणि मग हात सैल सोडायचा, पलीकडे कुणीतरी आहे या भरवशावर. नमुन्यावर टेकल्यावर पहिल्या आठवड्यात तो हीच चूक करत होता, हेही त्याला जाता जाता कळलं. पण ओंडक्यावर उभं राहून फार विचार केला की रेघ सुटते. त्यानं सैल सोडलं. करवत गाऊ लागली. ओल्या निलगिरीचा औषधी वास अंगणभर पसरला, आणि भुसा थोरल्याच्या पांढऱ्या दाढीवर पडत राहिला.

‘‘दादा, भुसा लागतोय का?’’

‘‘चौदा वर्षं तू खाल्लास,’’ खालून आवाज आला. ‘‘चव बघतोय. रेघ बघ तू.’’

रेघ सरळ गेली. तडा शेवटच्या खुणेपाशी, फळीच्या बाहेर राहिला.

चार महिने फळी सावलीत दगडांखाली दबून राहिली. तेवढ्या दिवसांत दूधवाल्याच्या गाईला पुन्हा दूध आलं, पोस्टमनची बदली झाली नाही, आणि त्यानं गुण्याला सांगितलं की झाली नाही ते बरंच झालं. गुण्या रोज टेकत होता. आता कुणी माप विचारत नव्हतं.

फळी रंधून, कडा गोल करून, पायांवर बसवली तेव्हा थोरला पडवीत आला. हात फिरवून बघितला. जोड नव्हता. गाठ होती एक, पण तिच्यावरूनही रंधा गेला होता.

‘‘चार इंच?’’ थोरला म्हणाला. ‘‘बाबांचं सहा होतं.’’

‘‘बाबांना गुडघेदुखी नव्हती. आता तूच बघ. चांगले गुडघे सगळे झाले. वाईट गुडघ्याचं माप घ्यायचं राहिलंय.’’

‘‘मला नाही जमायचं.’’

‘‘मापापुरतं.’’

थोरल्यानं रस्त्याकडे बघितलं, कुणी येत नाही ना म्हणून. मग एक हात भिंतीला, एक हात गुण्याच्या खांद्यावर, असा तो इंचाइंचानं खाली आला. आधी बरा गुडघा. मग दात आवळून दुसरा. उतरत्या फळीनं तो अलगद झेलला. थोरल्याच्या कपाळावर घाम होता. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. थोड्या वेळानं ते आपोआप जुळले, आणि मान खाली गेली.

गुण्या घड्याळाखाली पेन्सिल घेऊन उभा राहिला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. बायको दाराशी आली, बघितलं, आणि पाऊल न वाजवता परत फिरली. पाववाली आजी रस्त्यानं गेली आणि बहुधा जन्मात पहिल्यांदाच काही न बोलता गेली.

‘‘दादा,’’ पंधरा मिनिटांनी गुण्या हळूच म्हणाला, ‘‘झालं. दुखतोय का?’’

थोरल्यानं डोळे उघडले नाहीत.

‘‘थांब जरा,’’ तो म्हणाला. ‘‘अजून मोजतोय.’’